गद्रेपंतांची सावड

नरहरपंत गद्रे लोणावळ्याच्या रेल्वे मालकचेरीतून निवृत्त झाले, त्याला महिनाही झाला नव्हता. सकाळी पोस्टमन कुंपणाशी आला आणि त्याने शेजारच्या जैतुनबीला विचारले, "पंत भेटतील का हो?" जैतुनबी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मानही वर न करता ती म्हणाली, "पंत? घरीच असतात की आता!"

पंत खिडकीच्या आत दाढी करत होते. वस्तरा गालावरच थांबला. इतकी वर्षे हाच प्रश्न आणि हीच जैतुनबी, पण उत्तर कसे भारदस्त असायचे! "कामावर गेलेत." लोकोशेडचा भोंगा झाला की गावातला प्रत्येक कर्ता पुरुष डबा घेऊन बाहेर पडायचा, आणि त्या वेळी जो घरात दिसे तो एकतर आजारी, नाहीतर जावई. पंत धडधाकट होते आणि त्यांची सासुरवाडी कोकणात होती.

त्यांनी अर्धीच दाढी झालेला चेहरा स्वयंपाकघरात नेला आणि सांगितले, "मी शेती करणार."

पत्नी सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. "आधी दाढी करा," त्या म्हणाल्या.

कुसगावच्या शिवारात, रुळांना लागूनच, भाताची दोन खाचरे विकाऊ होती. पंतांनी ती घेतली. लोक म्हणाले, पंतांना जमिनीची हौस. ते खरे नव्हते. पंतांना हौस होती ती हाताखालच्या माणसांची. त्यांच्या मते जगात दोनच जाती, हजेरी देणाऱ्यांची आणि हजेरी घेणाऱ्यांची. मालधक्क्यावर हमाल, मुकादम, काटेवाला, सगळे त्यांच्यासमोर ओळीने उभे राहत. निवृत्तीनंतर ओळीने उभ्या राहणाऱ्या फक्त जैतुनबीच्या कोंबड्या होत्या, आणि त्याही पंतांसाठी नव्हत्या.

शेजाऱ्यांचा सल्ला फुकट असतो आणि त्या काळी तो भरपूरही असे. जैतुनबीचा नवरा नूरमहंमद लोकोशेडमध्ये मिस्त्री होता. कुंपणाला टेकून विडी ओढता ओढता त्याने विचारले, "पंत, बैल कुणाचे?"

"बैल कोंडाजीचे. खाचर शेजारीच आहे त्याचं. चिखलणी तो करून देईल. मुख्य प्रश्न बैलांचा नाहीच मिस्त्री, मुख्य प्रश्न शिस्तीचा. मला तुमच्याकडून रुळाचा एक तुकडा पाहिजे, मोडका. झाडाला टांगीन. कामावर यायची वेळ झाली की टोला, जेवणाची झाली की टोला."

"भाताला टोले ऐकू येतात का?" नूरमहंमदने गंभीरपणे विचारले, पण तुकडा त्याने आणून दिला.

आता दुसरा कुणी असता तर त्याने तो सरळ झाडाला टांगला असता. पण पंतांनी उभ्या आयुष्यात परवानगीशिवाय खिळादेखील ठोकला नव्हता. त्यांनी बांधावरच्या आंब्याला लोखंडी रूळ टांगण्याच्या अनुमतीसाठी तलाठ्याकडे रीतसर अर्ज केला. तोही इंग्रजीत. तलाठ्याला इंग्रजी येत नव्हते, पण घाबरावे कशाला हे कळत होते. त्याने तो वडगावला मामलेदार कचेरीत पाठवला. तिथल्या कारकुनाने 'रेल्वे' आणि 'लोखंड' एवढे दोन शब्द वाचले आणि सहीखाली काय लिहिले आहे ते पाहिले. पंतांनी जुन्या सवयीने सहीखाली 'हेडक्लार्क, मालकचेरी' असे लिहिले होते. साहजिकच कागद 'अभिप्रायार्थ' म्हणून मालकचेरीत गेला. तो पंतांच्याच टेबलावर, पंतांच्याच खुर्चीत बसलेल्या परांजप्यांच्या हाती पडला. परांजपे हे पंतांनी हाताला धरून तयार केलेले कारकून. त्यांनी पंतांनीच शिकवलेल्या वळणदार अक्षरात शेरा मारला, 'सदर गृहस्थ आता या कचेरीत नाहीत.'

कागद फिरून पंतांकडे आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, आणि त्या दिवशी ताकही नको म्हणाले. नंतर मात्र एकदम उठले आणि बिनपरवाना रूळ टांगून आले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला कायदेभंग.

रोपे लावणीला आली. पंतांनी कोंडाजीला बोलावून फर्मावले, "उद्यासाठी चांगले मजूर आणा."

कोंडाजीने मुंडासे काढून डोके खाजवले. "पंत, लावनीत मजूर कुटनं आनायचा? ज्याची त्याची खाचरं तुंबल्यात. सावडीनं उरकू की."

सावड म्हणजे काय, हे पंतांना ठाऊक नव्हते. पण हजेरी घेणाऱ्याने हजेरी देणाऱ्याला कामाची पद्धत विचारायची? मग खुर्चीचा मान राहिला कुठे? पंतांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "सावडीनेच तर! मी दुसरं काय म्हणतोय?"

"मंग झालं," कोंडाजी म्हणाला. "म्या म्हनलं, पंतास्नी चालतंय का न्हाई. बयामावशीला सांगावा धाडतो."

बयाबाई म्हणजे कुसगावातली वडीलधारी बाई. तिचा शब्द आसपासच्या चार वाड्यांत चाले. दुसऱ्या दिवशी ती पंधरा-वीस बायाबापड्यांना घेऊन खाचरात उतरली. प्रत्येकीच्या डोक्यावर पळसाच्या पानांचे इरले, कमरेतून वाकलेल्या पाठी, आणि हातातल्या मुठीतले रोप असे झरझर चिखलात जात होते की पाहत राहावे. पंत बांधावर छत्री धरून उभे. पायांत बूट, पायमोजे, पायमोजे खाली येऊ नयेत म्हणून गुडघ्याखाली गार्टर, आणि गळ्यात गार्डाची शिट्टी.

"बयाबाई!" पंतांनी शिट्टी वाजवली. "ह्या बायका मागे मागे का चालल्यात? काम करताना माणसाने पुढे जावं."

"पुढं गेलं तर लावलेलं तुडवंल कोन?" बयाबाई न थांबता म्हणाली. "तुमी तुडवनार असला तर जातो बापडे."

दुपारी जेवणाची वेळ झाली. सगुणाबाईंनी वरणभाताची पातेली बांधावर आणून ठेवली होती. पंतांनी घड्याळ पाहिले, हातोडा उचलला आणि त्या रुळावर पहिला टोला घातला.

मालधक्क्यावर टोला पडला की हमाल दचकत नसत, कारण ते हमाल होते. कोंडाजीचे बैल खालच्या खाचरात चिखलणी करत होते. त्यांनी जन्मात असला आवाज ऐकला नव्हता. ते उधळले ते थेट नुकत्याच लावलेल्या खाचरातून. मागे कासऱ्याला लोंबकळत कोंडाजी, पोटावर, चिखलातून घसरत, "आवं बडवू नगा, बडवू नगा!" असे ओरडत चाललेला. पण पंतांना वाटले टोला नीट ऐकू गेला नाही. त्यांनी आणखी दोन घातले. बैलांनी दुसरेही खाचर पालथे घातले आणि मग कुठे बांधाशी जाऊन ते फुरफुरत उभे राहिले. कोंडाजी उठला तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते. बायका हसून हसून बांधावर बसल्या. वरण गार झाले.

अर्धीअधिक लावणी पुन्हा करावी लागली. तरी दिवस मावळायच्या आत काम उरकले. पंतांनी चंची काढली आणि मजुरी द्यायला बयाबाईला पुढे बोलावले. तिने हात मागे घेतला.

"पैसं? सावडीचं कुनी पैसं घेतंय व्हय? जावा, वैनी दमल्यात, त्येस्नी घरी न्या."

पंत त्या संध्याकाळी घरी चालत आले म्हणण्यापेक्षा तरंगत आले म्हणावे. कुंपणावरून त्यांनी नूरमहंमदला हाक मारली. "मिस्त्री, कारभार कशाला म्हणतात ते आज समजलं! एक पैसा घेतला नाही कुणी. माणसांना शिस्त लावली की ती प्रेमाने राबतात."

नूरमहंमदची सासुरवाडी मावळातल्या इंदुरीची, भातवाल्यांची. त्याने तोंडातली विडी काढली. "सावड होती का, पंत?"

"अर्थात. सावडच."

"मग आज लवकर झोपा," नूरमहंमद म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच बयाबाई दारात. हातात दोन इरली. "चला पंत. वैनीस्नी बी घ्या. आज माज्या खाचरात."

"तुमच्या खाचरात? कशाला?"

बयाबाईने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग सगुणाबाईंकडे, मग जणू लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. सावड म्हणजे माणसाला माणूस. आज मी तुझ्या शेतात राबले, उद्या तू माझ्या. हितं पैका चालत नाही, अंगमेहनत अंगमेहनतीनेच फेडायची. ज्या ज्या घरचे माणूस काल आले, त्या त्या घरच्या खाचरात गद्र्यांच्या घरचे माणूस उतरणार. आणि गद्र्यांच्या घरात माणसे होती दोन.

पंतांनी चंची काढली. "मी... माझ्या जागी दोन मजूर देतो."

"मजूर कुटनं देता? काल तुमालाच मिळालं न्हाईत." बयाबाईचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागले. "पंत, सावड बुडवनाऱ्याकडं कापनीला कुनी येत न्हाई बगा. पाखरं तेवडी येत्यात. भात खाया."

पंतांपुढे ते दृश्य उभे राहिले: पिकलेले भात, चिमण्या, आणि मोकळा बांध. म्हणजे पुन्हा 'घरीच असतात की आता'. शिवाय इतक्या वर्षांत त्यांनी एका हमालाचेही देणे दुसऱ्या दिवसावर टाकले नव्हते, हा त्यांचा अभिमान. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात मागून सगुणाबाई आल्या. त्यांनी लुगड्याचा काचा मारला होता. "मी तयार आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला दुःख म्हणता आले नसते.

सगुणाबाईंचे एक होते. लग्न होऊन रेल्वेच्या वस्तीत आल्यापासून त्या दिवसभर एकट्या. गप्पा मारायच्या तर कुणाशी, गाड्यांशी? इथे एकदम पंधरा-वीस बाया भेटल्या, आणि वाकून काम करताना तोंडाला विश्रांती कशाला? पहिल्या दिवशी त्यांनी पदरात दुधातल्या दशम्या आणल्या होत्या, सोवळ्याला चालतील अशा. दोनेक दिवसांनी पंतांनी पाहिले, बांधावर बयाबाईशेजारी बसून त्या तांदळाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खात होत्या. पंतांनी मान वळवली. मग पुन्हा इकडे वळवली. "तिखट आहे का?" त्यांनी विचारले. सगुणाबाईंनी अर्धी भाकरी पुढे केली. घरी गेल्यावर या विषयावर दोघेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दशम्या केल्या नाहीत एवढेच.

पंतांचे काम मात्र जमेना. त्यांनी पहिल्या दिवशी सुतळी आणून खाचरभर ताणली. रोपे कशी, वहीतल्या रेघांसारखी सरळ यायला हवीत. बायका मागे सरकत दुसऱ्या बांधाला पोचायच्या तेव्हा पंत पहिल्याच ओळीत, एक डोळा मिटून सुतळी तपासत असायचे. शिवाय रोप चिखलात नीट दाबायचे म्हणजे बोटे घाण करायची, ती त्यांनी जपून वापरली. पहाटे पाहावे तर पंतांची सारी ओळ पाण्यावर तरंगत असायची, अगदी सरळ रेषेत. बायका ती मुकाट्याने पुन्हा लावायच्या. भलरीची गाणी म्हणताना मात्र मुकाट राहायच्या नाहीत. कुणीतरी पंतांवर ओळ जोडली होती:

छत्री घेऊन पंत आला,
खाचरात बेडूक भ्याला!

आणि मग सगळ्या जणी "भ्याला ग बाई भ्याला" म्हणत मागे सरकायच्या. त्यात सगुणाबाईंचा आवाज सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत स्पष्ट ऐकू यायचा.

सर्वांत वाईट दिवस म्हणजे कोंडाजीच्या खाचरातला. ते रुळाला चिकटूनच. पुण्याकडची पॅसेंजर सिग्नल नसल्यामुळे नेमकी तिथे उभी राहिली, आणि पंतांनी पाहिले तर खिडकीत परांजपे! कोट, टोपी, मांडीवर कचेरीची बॅग. पंतांनी क्षणात शेजारच्या बाईचे इरले ओढून डोक्यावर घेतले आणि ओळीत वाकले. आता गाडीतून दिसत होत्या त्या फक्त वाकलेल्या पाठी, सगळ्या सारख्या. त्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. चिखलात उभ्या असलेल्या त्या सगळ्या उघड्या पोटऱ्यांत एकाच जोडीला पायमोजे होते. आणि गार्टर.

"पंत?" खिडकीतून आवाज आला. "पंत, तब्येत बरी आहे ना?"

सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. बयाबाई इरल्याखालून कुजबुजली, "बोला की! इचारतोय त्यो."

पंत सरळ झाले. तोंडावर चिखल, हातात रोपांची मूठ, गळ्यात शिट्टी. काय सांगावे? देणे फेडतोय म्हणावे तर अब्रू जाते. हौस म्हणावे तर डोके फिरले ठरते. तेवढ्यात सिग्नल पडला आणि गाडी हलली. पंतांनी शिट्टी तोंडात धरली आणि गार्डासारखी लांबलचक वाजवली, जणू गाडी त्यांच्याच हुकुमाने सुटली होती. परांजप्यांनी जुन्या सवयीने नमस्कार केला.

त्या दिवसापासून पंतांनी पायमोजे सोडले. अब्रू गेलीच होती, मग निदान पाय तरी मोकळे असू द्यावेत.

लावणी संपली, सगळ्यांची सावड फिटली. पण पंतांच्या मनातून ती तरंगणारी रोपे जाईनात. दसरा गेला. भात पोटरीतून निसवले, लोंब्या बाहेर येऊन सोनेरी झाल्या, आणि आंबेमोहोराचा वास संध्याकाळी रुळापर्यंत येऊ लागला. शिवारात कापणी सुरू झाली. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. पंत रोज बांधावर जायचे, लोंब्या हातात घेऊन बघायचे. दाणे झडायला लागले होते. सांगावा धाडायची मात्र त्यांची छाती होत नव्हती.

"टोला घाला की," नूरमहंमद म्हणाला. "रूळ कशाला टांगलाय?"

"कोणत्या तोंडाने घालू, मिस्त्री? त्यांनी मला सबंध दिवस दिला. मी त्यांना काय दिलं? बेडकांना भिववणं. माझं काम काम नव्हतंच. हजेरीत धरलं नसतं मी ते." स्वतःची हजेरी कापायची पाळी हेडक्लार्कवर कधी आली नव्हती. ती कापताना त्यांनी चष्मा पुसला.

शेवटी एका सकाळी ते स्वतःच बयाबाईच्या अंगणात गेले. ती अंगण सारवत होती. पंतांनी टोपी काढून हातात घेतली.

"बयाबाई, मी सांगायला आलोय की तुमच्यावर कसलंही बंधन नाही. मी सावड फेडली असं लोक म्हणतात, पण माझी रोपं सगळी तरंगली. माझ्या कापणीला तुम्ही आला नाहीत तरी माझा राग नाही."

बयाबाईने कंबर सरळ केली. "पंत, तुमी याड लागल्यावानी काय बोलताय? रोपं कोन मोजतंय? माज्या धाकल्या सुनंची बी तरंगत्यात, म्हून तिला काय घरात ठिवू? तुमी आलता का न्हाई?"

"आलो होतो, पण..."

"रोज आलता. पान्यापावसाचं आलता. माणसाला माणूस, बास. आमी सांगाव्याची वाट बगत बसलोय, तुमी सांगावाच धाडीना. म्हनलं, पंतास्नी भात उभंच आवडतंय जनू!" ती घरात वळून ओरडली, "ए, विळं काडा ग! आन् पंत, एक करा देवा, त्ये लोखंड तेवडं बडवू नगा. कोंडाजी म्हनतो, बैल अजून आंब्याखालनं जात न्हाईत."

कापणी झाली. पंतांनी एकही शिट्टी वाजवली नाही. एका बाजूने कापलेल्या भाताचे कडप पडत गेले, दुसऱ्या बाजूने भलरी, आणि बेडकाची ओळ आली तेव्हा पंतांनीच ती मोठ्याने उचलली. संध्याकाळी चंचीला हात लावायचा नाही एवढे त्यांना आता कळत होते. बयाबाई निघताना हसून म्हणाली, "पंत, उद्याच्याला माज्याकडं. ध्यानात हाय नव्हं?"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि पंत सगळ्यांच्या बरोबरच घराबाहेर पडले. सगुणाबाई केव्हाच पुढे गेल्या होत्या. भाकरीचे फडके त्यांनी दाराशी ठेवले होते, ते पंतांनी घेतले. वळणापर्यंत गेल्यावर लक्षात आले की विळा राहिला, तो ओट्यावर. ते माघारी फिरले. कुंपणाच्या करवंदीआड पोचतात तो पोस्टमनचा आवाज.

"पंत भेटतील का हो?"

जैतुनबी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मानही वर न करता ती म्हणाली, "आत्ता? आत्ता कुठले! कामावर गेलेत."

पंत करवंदीआड थांबले. विळा समोर दिसत होता, चार पावलांवर. आत जाऊन तो उचलला असता तर जैतुनबी खोटी पडली असती, आणि त्या शेजारणीला खोटे पाडायचे पंतांच्या मुळीच मनात नव्हते. त्यांनी टोपी सरळ केली, भाकरीचे फडके बगलेत मारले आणि आवाज न करता पुन्हा कुसगावच्या वाटेला लागले. बयाबाई विळा देईल, हसेल, आणि भलरीत एक ओळही जोडेल. जोडू दे.

घरी राहिला तो फक्त विळा.